मोजणीत नसलेले गाव बातमीत येत नाही

नागरिकहो, ‘वाचकांना हेच हवे असते’ हे वाक्य आपण किती वर्षे ऐकत आलो आहोत? पाणीप्रश्नाची बातमी आतल्या पानावर का गेली, गावाच्या रस्त्याला चारच ओळी का मिळाल्या, असे विचारायला गेले की हेच उत्तर मिळते. ते देणारी माणसे वाईट नसतात. बरीचशी कष्टाळू असतात आणि आपल्या अंदाजावर त्यांचा प्रामाणिक विश्वास असतो. पण कोणत्या वाचकांना विचारले? कुठे, कधी, किती जणांना? त्यांची निवड कशी केली? असे विचारले की सगळे गप्प होतात. खडकवासल्यात आणि सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात या मौनाची किंमत आपण मोजली आहे. म्हणून संपादक आणि जनता या दोघांची एकत्र, शास्त्रशुद्ध नमुना पाहणी व्हावी ही मागणी मी मांडतो आहे. ती का व्हावी आणि कशी व्हावी, याचे मुद्दे असे.

१. हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. ३० जून २०२१ रोजी खडकवासल्यासह तेवीस गावे पुणे महापालिकेत आली आणि आपली ग्रामपंचायत संपली. १४ मार्च २०२२ ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला. पुढे निवडणूक होईपर्यंत आपल्याला ना सरपंच होता ना नगरसेवक. गाऱ्हाणे नेण्याची हक्काची जागा एकच उरली, ती म्हणजे वृत्तपत्र. याच काळात, २५ जुलै २०२४ च्या पहाटे, खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि खाली नदीकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला ही नावे देशभरच्या बातम्यांत झळकली आणि पुणे परिसरातल्या रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. समाविष्ट गावांना शुद्धीकरण केंद्राचे पाणी मिळत नाही, विहिरीच्या पाण्यात नुसते क्लोरीन टाकून ते घरोघर सोडले जाते, ही गोष्ट त्या जानेवारीत सगळ्या पुण्याला कळली. आपल्याला ती नळाखाली भांडे धरताना रोज दिसत होती. पुण्याला पाणी पाजणारे धरण ज्या गावात आहे, त्या गावाच्या पाण्याची बातमी व्हायला माणसे रुग्णालयात जावी लागली. पहिल्या पानावर काय येणार हे ठरवणाऱ्या माणसांना आपली निकड आधी कळली असती, तर वेळ हाताशी राहिला असता.

२. आज ‘वाचकांचे मत’ कसे गोळा होते ते पाहा. संकेतस्थळावर कोणत्या बातमीला किती क्लिक मिळाले, व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या प्रश्नाला काय उत्तरे आली, पत्रव्यवहारात कोण लिहिते, आणि रस्त्यावर माइक घेऊन उभे राहिले की कोण बोलते, यांवर हे मत ठरते. आपल्या धरणाकाठच्या चौपाटीवरचे रविवारचे दृश्य सगळ्यांच्या परिचयाचे आहे. धरणाच्या भिंतीजवळ कणसांच्या शेगड्या पेटलेल्या, कांदाभजीच्या गाड्यांसमोर दुचाकींच्या दोन-दोन रांगा, आणि त्या गर्दीत एक तरुण बातमीदार समोर येईल त्याला विचारत असतो, ‘खडकवासल्याचा मुख्य प्रश्न कोणता?’ उत्तर देणारा कोथरूडचा, पिंपरीचा, हडपसरचा असतो. तो म्हणतो, ‘पार्किंग.’ दुसरा म्हणतो, ‘कचरा.’ त्यांचे काही चुकले नाही, त्यांना दिसले ते त्यांनी सांगितले. पण त्याच वेळी खडकवासल्याचा माणूस घरात अडकलेला असतो, कारण रविवारी संध्याकाळी त्याला गाडी रस्त्यावर काढता येत नाही. त्याच्या घरी टँकर कधी येतो हे त्या माइकला कधीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते: खडकवासलेकर म्हणतात, पार्किंग हवे. जो सहज सापडला त्याला विचारणे ही पाहणी नव्हे. गावाच्या नावावर पाहुण्यांचे मत खपवणे हा गावावरचा अन्याय आहे.

३. ‘पण आम्ही हजारो लोकांना विचारले,’ असे कुणी सांगेल. संख्येने हा दोष धुऊन निघत नाही, आणि याचा सगळ्यात कडू धडा एका नियतकालिकालाच मिळालेला आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते कुठून घेतले? टेलिफोनच्या डिरेक्टरीतून, मोटारमालकांच्या याद्यांतून, स्वतःच्या वर्गणीदारांतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती? तेवीस लाखांवर उत्तरे आली आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने छापले. प्रत्यक्षात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. जनमत पाहणी करणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या संख्येच्या काही टक्के माणसांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. आज ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, डेटा आहे आणि प्रश्नावर बोट दाबायला फुरसत आहे, त्याचेच मत ‘पुणेकरांचे मत’ म्हणून छापले जाते. मग १९३६ पासून आपण काय शिकलो? चुकीच्या यादीतून घेतलेली लाखभर उत्तरेसुद्धा चुकीचीच असतात.

४. व्यावसायिक वाचक पाहण्या आहेत की, असेही म्हटले जाते. आहेत. इंडियन रीडरशिप सर्व्हे लाखो घरांत जात असे. पण २०१३ च्या पाहणीचे आकडे २०१४ च्या आरंभी जाहीर झाले तेव्हा काय झाले, हे महाराष्ट्राने विसरू नये. नागपूरचे ‘द हितवाद’ हे जुने इंग्रजी दैनिक. त्याचा प्रमाणित खप साठ हजारांवर. पाहणीने सांगितले, नागपुरात त्याला एकही वाचक नाही. देशातल्या मोठ्या वृत्तपत्र समूहांनी एकत्र येऊन ते आकडे फेटाळले. ज्या पाहणीत साठ हजार अंक विकणारे दैनिक शून्यावर येऊ शकते, त्या पाहणीत सिंहगड रस्त्यावरची एखादी वस्ती हरवली तर कुणाला पत्ता लागणार आहे? २०१९ च्या शेवटच्या तिमाहीचे आकडे आले आणि त्यानंतर तर वर्षानुवर्षे नवे आकडेच आले नाहीत. शिवाय या पाहण्यांचा हेतूच वेगळा आहे. कोणता अंक किती डोळ्यांखालून जातो आणि त्या घरात फ्रीज, मोटार आहे का, हे जाहिरातदाराला कळावे म्हणून त्या होतात. त्या वाचकाला गिऱ्हाईक म्हणून मोजतात, नागरिक म्हणून त्याला एकही प्रश्न विचारत नाहीत.

५. आता खऱ्या पाहणीकडे येऊ. तिचा पाया म्हणजे यादी. ज्यांच्याबद्दल बोलायचे आहे, त्या सगळ्यांची नावे किंवा घरे जिच्यात आहेत आणि जिच्यातून चिठ्ठी टाकून निवड करता येते, अशी यादी. चिठ्ठी टाकण्याचा अर्थ एवढाच की प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी आहे आणि ती संधी किती हे आधी ठाऊक आहे. ज्याचे नाव यादीतच नाही त्याची संधी शून्य. आमच्या गावाची पंचाईत नेमकी इथे होते. २०११ च्या जनगणनेत खडकवासला महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. जुन्या प्रभागांची यादी घेऊन कुणी ‘पुणे शहराची’ पाहणी केली तर २०१७ मध्ये आलेली अकरा आणि २०२१ मध्ये आलेली तेवीस गावे सरळ गळून पडतात. ग्रामीण यादी घेतली तर आम्ही आता ग्रामीण नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. ती गावे आत आली आणि २०२४ मध्ये वेगळ्या नगर परिषदेसाठी बाहेरही पडली.

मग कोणती यादी घ्यायची? मतदारयादी हा त्यातल्या त्यात चांगला पर्याय आहे. ती सार्वजनिक आहे, मतदान केंद्रानुसार लावलेली आहे आणि तिची उजळणी होत असते. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती कार्यक्रम वर्षानुवर्षे याच यादीवर काम करतो. आधी मतदारसंघ, मग त्यातली मतदान केंद्रे, मग त्या केंद्राच्या यादीतली ठरावीक अंतरावरची नावे, अशी पायरीपायरीने निवड होते. या कामात पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांचा वाटा मोठा आहे, म्हणजे पद्धत शिकायला फार लांब जायला नको. पण मतदारयादीलाही भोके आहेत. बांधकामावरचे मजूर, भाड्याने राहणारी पोरे, नुकत्याच पूर्ण झालेल्या सोसायट्यांत आलेली कुटुंबे यांची नावे गावाकडच्या यादीत असतात, इथे नसतात. पाणी मात्र ती इथलेच पितात. म्हणून निवडलेल्या केंद्राच्या हद्दीतली घरे प्रत्यक्ष फिरून लिहून काढायला हवीत. गावठाण, सोसायट्या, पत्र्याच्या खोल्या, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची वसाहत, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) कुंपणाआतली घरे यांपैकी काय घेतले आणि काय परवानगीअभावी घेता आले नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर सांगायला हवे. यादी लपवणाऱ्या पाहणीवर कुणीही विश्वास ठेवू नये.

६. किती माणसे विचारायची? इथे लोकांचा नेहमी गोंधळ होतो. शहर मोठे म्हणून नमुना मोठा, हे गणित खरे नाही. चारशे माणसे रीतसर चिठ्ठीने निवडली तर टक्केवारी पाच अंकांनी इकडेतिकडे होते. हजारावर घेतली तर साधारण तीन अंकांनी. शहर दहा लाखांचे असो वा पन्नास लाखांचे, त्याने फारसा फरक पडत नाही. मात्र या हजारांत आम्ही किती? पुणे शहरात खडकवासल्याचा वाटा शंभरात एकाहूनही कमी आहे. म्हणजे हजारांच्या उत्तम नमुन्यातसुद्धा आमच्या वाट्याला दहा माणसे येणार नाहीत. दहा माणसांवरून काढलेली टक्केवारी तीस अंकांनी चुकू शकते. ‘खडकवासल्यातल्या साठ टक्के लोकांना असे वाटते’ या वाक्याचा अर्थ तीस ते नव्वद यांतले काहीही, असा होतो. म्हणून समाविष्ट गावांचा पट्टा हा वेगळा स्तर धरावा. त्यातून त्याच्या वाट्यापेक्षा मुद्दाम जास्त, किमान चारशे माणसे घ्यावीत आणि शहराचे चित्र मांडताना भार देऊन त्यांचा वाटा पूर्ववत करावा. ही सवलत मागणे नव्हे. कोणत्याही चांगल्या पाहणीची ही रीतच आहे. आणि चारशे मिळाले तरी ते चारशे पट्ट्याबद्दल बोलतील, एकट्या खडकवासल्याबद्दल नाही. ज्याला एका गावाचे नाव घेऊन टक्के छापायचे आहेत त्याने त्या गावातून चारशे माणसे निवडावीत, नाहीतर आकडा छापू नये.

शेजारी शेजारी राहणारी माणसे बऱ्याचदा सारखी असतात हेही ध्यानात घ्या. एकाच सोसायटीतल्या दहा घरांत विचारले तर पाण्याचा अनुभव एकच निघेल, कारण टाकी एक, टँकर एक. कमी केंद्रांतून जास्त माणसे घेणे स्वस्त पडते, पण दहा उत्तरांचे मोल दोन-तीन उत्तरांइतके उरते. चाळीस ठिकाणी दहा माणसे घेण्यापेक्षा ऐंशी ठिकाणी पाच घ्यावीत. पायपीट वाढेल, तर वाढू द्या.

७. निवड झाली तरी दार उघडायला हवे. फाटकावरचा रखवालदार वहीत नाव, वेळ, फ्लॅट क्रमांक लिहून घेतो, वर फोन लावतो आणि सांगतो, ‘मॅडम नको म्हणतात.’ अशा वेळी शेजारच्या घरात जाऊन काम उरकले की पाहणी बिघडली. जो भेटला नाही तो भेटलेल्यापेक्षा वेगळा असतो. तो पहाटे कंपनीच्या बसने गेलेला असतो, तीन पाळ्यांत काम करत असतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी किमान तीन खेपा घालाव्यात, बदली घर घेऊ नये आणि घरात शिरल्यावर जो पुढे येतो त्याला न विचारता ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ आला आहे त्या प्रौढ व्यक्तीला विचारावे. तसे केले नाही तर निम्म्या घरांत घरधनीच बोलेल आणि पाण्याची वेळ पाळणारी बाई आत ओट्यापाशीच राहील.

८. आता दुसरी बाजू, संपादकांची. जनतेच्या पाहण्या निदान होतात तरी. संपादकांना कोण विचारतो? २००६ मध्ये योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची सामाजिक पाहणी केली. त्यांतले ७१ टक्के सवर्ण हिंदू पुरुष निघाले. स्त्रिया अवघ्या १७ टक्के. दलित किंवा आदिवासी एकही नाही. त्या पाहणीवर देशभर चर्चा झाली. पण ती दिल्लीची होती. मराठी वृत्तपत्रांत, पुण्याच्या आणि जिल्ह्याच्या आवृत्त्यांत, पहिले पान कोण लावतो, तो कुठे राहतो, त्याच्या घरी कोणते पाणी येते, समाविष्ट गावांपैकी किती त्याने पाहिली आहेत? महाराष्ट्राने हे प्रश्न स्वतःच्या वृत्तपत्रांना का विचारू नयेत? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढल्याचा दिवस आपण दर वर्षी पत्रकार दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर अशी एक पाहणी प्रसिद्ध झाली तर बाळशास्त्रींचा अधिक सन्मान होईल.

इथे नमुन्याचे शास्त्र निराळे वळण घेते. पहिला प्रश्न, संपादक कोण? शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे असतात आणि बातम्यांच्या निवडीची कायद्याने जबाबदारी कुणाची तेही तिथे लिहिलेले असते. पण रात्री अकराला खडकवासल्याची बातमी ठेवायची की काढायची हे बहुधा तो माणूस ठरवत नाही. ते वृत्तसंपादक ठरवतो, शहराचा मुख्य बातमीदार ठरवतो, पान लावणारा उपसंपादक ठरवतो. बातमी मुळात पाठवायची की नाही हे वार्ताहर ठरवतो, आणि अनेक ठिकाणी त्या वार्ताहरावर जाहिराती आणण्याचाही भार असतो. ज्याच्याकडून दिवाळीत शुभेच्छांची जाहिरात आणायची त्याच्या विरुद्धची बातमी तो किती जोमाने पाठवील? या साखळीतला प्रत्येक दुवा यादीत हवा. नुसती छापील नावे घेतली तर पाटी मोजली जाईल, आतला कारभार नाही.

दुसरा प्रश्न यादीचा. वृत्तपत्र निबंधकाकडची नोंदवही भलीमोठी आहे, पण नोंद असणे आणि रोज अंक निघणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी जाहिरातींसाठी पात्र वृत्तपत्रांची राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची यादी अधिक उपयोगी, पण तीही स्टॉलवर प्रत्यक्ष मिळणाऱ्या अंकांशी ताडून घ्यावी. मग मोठी, मध्यम, लहान दैनिके आणि साप्ताहिके असे स्तर पाडावेत. सरसकट चिठ्ठी टाकली तर लहान साप्ताहिके गर्दी करतील आणि लाखो घरांत जाणारी चार-पाच दैनिके सुटतील. म्हणून मोठी सगळी घ्यावीत, लहानांतून निवड करावी.

तिसरा प्रश्न संख्येचा. निर्णय घेणारे एकूण दोनशे जण असतील तर पाच अंकांच्या अचूकतेसाठी त्यांतल्या सुमारे १३० जणांची उत्तरे लागतात. इतक्या थोड्या समूहात चिठ्ठ्या टाकत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच विचारावे. आणि त्यांना अभय द्यावे. ‘शहर आवृत्तीची महिला वृत्तसंपादक’ एवढ्या वर्णनावरून माणूस ओळखू येतो, म्हणून बारीक तुकडे करून आकडे छापू नयेत. मालकाच्या भीतीने दिलेले उत्तर आपल्या कामाचे नाही. ज्या संपादकवर्गाने सगळ्यांना प्रश्न विचारायचे, त्यानेच स्वतःबद्दलच्या प्रश्नावलीला पाठ दाखवली तर लोकांनी ते नकारही मोजावेत आणि जाहीर करावेत.

९. दोघांना प्रश्न एकच हवा. गेल्या महिन्यात तुमच्या परिसरातले कोणते तीन विषय पहिल्या पानावर यायला हवे होते, हे नागरिकाला विचारा आणि संपादकालाही विचारा. मग संपादकाला आणखी एक विचारा: लोक काय उत्तर देतील असे तुम्हाला वाटते? संपादकाचे मत आणि लोकांचे मत वेगळे असले तर त्यात गैर काही नाही. लोकांच्या पुढे पाहणे हेही संपादकाचे काम आहे. पण लोकांच्या मताबद्दलचा त्याचा अंदाजच चुकीचा निघाला तर ‘वाचकांना हेच हवे’ हा बुरूज ढासळतो.

आणि तिसरा साक्षीदार म्हणजे खुद्द अंक. काय छापले गेले तेही मोजायला हवे. सलग आठवडा घेऊन चालत नाही. गणपतीत घेतला तर सगळे मंडप, अधिवेशनात घेतला तर सगळे राजकारण, पावसाळ्यात घेतला तर धरणसाठ्याची टक्केवारी. त्यासाठी अभ्यासक एक साधी युक्ती वापरतात: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे चिठ्ठीने निवडून एक आठवडा रचायचा. असे दोन रचलेले आठवडे, म्हणजे चौदा अंक, वर्षभराच्या दैनिकाचे बऱ्यापैकी विश्वासार्ह चित्र देतात, हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी तपासून दाखवले. चौदा अंक, फूटपट्टी आणि वही! समाविष्ट गावांना किती चौरस सेंटिमीटर जागा मिळाली, त्यातली अपघात आणि गुन्ह्यांना किती, पाणी-सांडपाणी-शाळेला किती, हे एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी सुट्टीत मोजू शकतात. लोकांचे उत्तर, संपादकाचे उत्तर आणि छापलेला अंक शेजारी शेजारी ठेवले की वादाला जागा फारशी राहत नाही.

१०. हे सगळे आपल्याला परके आहे का? ज्या शहरात अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी उभी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले आणि १९५६ मध्ये फेरपाहणीही प्रसिद्ध झाली, त्या शहराने पद्धतीचे कारण सांगू नये. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे नमुना पाहणीचे जगन्मान्य पंडित झाले. १९५४ मधला त्यांचा नमुनाशास्त्रावरचा ग्रंथ जगभर वापरला गेला. पीककापणीच्या प्रयोगात शेताचा किती मोठा तुकडा कापायचा यावर त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला. तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. कुठून कसे कापले यावर आकडा फुगतो, हे ज्या मातीतल्या माणसाने देशाला शिकवले, तिथे चौपाटीवरच्या वीस उत्तरांवर मथळे द्यावेत? आणि १९१६ मध्ये स्थापना झालेले जल संशोधन केंद्र आज आमच्या गावात आहे. तिथे नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून खऱ्या पाण्याचे वागणे अजमावतात. प्रमाण चुकले तर लहान प्रतिकृती मोठ्या नदीबद्दल खोटे सांगते, हे तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत आहे. माणसांच्या बाबतीत प्रमाण पाळायला कुणाची परवानगी हवी आहे?

११. जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट बोलू. एखाद्या वृत्तपत्राने स्वतःच्या पैशाने स्वतःची पाहणी करून स्वतःलाच पहिला क्रमांक द्यायचा, हा प्रकार बंद व्हावा. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आणि गोखले संस्था यांनी एकत्र यावे. पत्रकारितेचे विद्यार्थी क्षेत्रकाम करतील, संख्याशास्त्राचे विद्यार्थी निवड आणि भार सांभाळतील. पुणे श्रमिक पत्रकार संघाने संपादकवर्गाची यादी पुरी करायला मदत करावी आणि आपल्या सदस्यांना उत्तरे देण्याचे आवाहन करावे. महापालिकेने समाविष्ट गावांची मिळकतींची अद्ययावत यादी, नावे वगळून, खुली करावी. आपल्या कराच्या पावत्या वेळेवर निघतात त्या कोणत्या यादीवरून? ज्या घराचा कर मोजता येतो त्या घराचे मत मोजता येत नाही, हे कुणीही ऐकून घेऊ नये.

आणि आपली जबाबदारी? खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरीच्या बंधुभगिनींनो, सोसायटीच्या सभेत एक ठराव करा की ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थी पाहणीदाराला रखवालदाराने अडवू नये. तो आला की दहा-पंधरा मिनिटे द्या, आणि उत्तर ज्याची पाळी आहे त्यालाच देऊ द्या, मग ती घरातली सून असो वा भाडेकरू. तोवर ज्या दिवशी कुठल्याही वृत्तपत्रात ‘पुणेकरांना वाटते’ असा मथळा दिसेल, त्या दिवशी संपादकांना एक पोस्टकार्ड टाका आणि त्यावर चारच प्रश्न लिहा: किती जणांना विचारले? कोणत्या यादीतून निवडले? किती जणांनी नकार दिला? समाविष्ट गावांतले त्यांत किती होते? उत्तर छापून येईपर्यंत दर आठवड्याला टाका.